डॉक्टरीणबाईंच्या निरोपाचं गाणं

गुरुवारी सकाळी पावणेदहाच्या बसमधून डॉक्टर ओतीलिया यांतोशोवा किचेरा गावात उतरल्या, धुक्यात दहा पावलं चालल्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आज आपल्याला कुणी ओळख देत नाही. एरवी बसथांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर त्यांना निदान चार खोकले, दोन गुडघे आणि एखादं गळू दाखवलं जाई. आज समोरून येणारा जंगलखात्याचा माणूस त्यांना बघून थबकला, टोपी काढून छातीशी धरली आणि तसाच उलट्या पावलांनी धुक्यात विरघळून गेला.

किराणा दुकानाच्या पायरीवर दुकानवाली ताज्या पावांची परात घेऊन उभी होती.

"काय गं, धुकं काय पडलंय आज!" ओतीलियाबाई म्हणाल्या.

परात खाली पडली. पाव पायऱ्यांवरून टपटप उड्या मारत उताराला लागले आणि एकेक करून दिसेनासे झाले.

"डॉक्टरीणबाई," दुकानवाली भिंतीला पाठ लावून म्हणाली, "मी तुमच्याबद्दल कधी वावगं बोलले नाही हो. एकदाच बोलले. तेसुद्धा सगळे बोलत होते म्हणून."

"कधी?"

"काल." एवढं म्हणून तिने आत जाऊन दाराला कडी घातली.

ओतीलियाबाई पाव उचलायला वाकल्या, पण गुडघ्यांनी साफ नकार दिला. चाळीस हिवाळे बर्फ तुडवलेले गुडघे, त्यांना बोल तरी काय लावायचा? लोकरीची टोपी कानांवर ओढून त्या पुढे निघाल्या. आज भांडायला वेळ नव्हता.

खाली दरीत, गरम झऱ्यांच्या शहरात, गेले तीन दिवस परिषद चालू होती. एकोणीस देशांचे डॉक्टर जमले होते. आई आणि बाप दोघांकडूनही आले तरच होणारे असे आजार, की ज्यांत अन्नातला एखादाच पदार्थ शरीराला पचवता येत नाही, हा परिषदेचा विषय. ओतीलियाबाईंच्या वाट्याला त्यातला सगळ्यात काळा आजार आला होता. त्यात न पचलेला पदार्थ लघवीवाटे उतरतो आणि हवा लागली की लघवी शाईसारखी काळी होते. उरलेला सांध्यांत साठतो, कानांच्या पाळ्यांमागे निळसर झाक धरतो, आणि चाळिशीनंतर माणूस जुन्या दारासारखा करकरू लागतो. साऱ्या स्लोवाकियात हा आजार किचेराइतका दाट कुठेच नव्हता, आणि किचेराइतका लपवलेलाही कुठे नव्हता. तान्ह्या मुलाचा लंगोट काळा झाला की तो माळ्यावर वाळत पडे. सैतानाने शाईचं बोट लावलंय, असं म्हातारे सांगत, आणि ते तरुणांना खोटं वाटत असलं तरी लंगोट माळ्यावरच वाळे.

आता त्यावर औषध आलं होतं. क्राकोवहून आलेल्या प्राध्यापक बोग्ना या परिषदेच्या प्रमुख. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "ओतीलिया, उपचारांचं केंद्र तुमच्या गावात उघडते. पण मला शंभर नमुने हवेत आणि वंशवृक्ष पुरा हवा. नाहीतर केंद्र दुसऱ्या देशात जाईल. गुरुवारी अकरा वाजता सगळ्या डॉक्टरांना घेऊन मी येते."

नमुने चाळीस वर्षांत नऊ मिळाले होते. वंशवृक्ष मात्र दोन मीटर लांब झाला होता, पण मधोमध तुटलेला. वरच्या वस्तीत शुत्याक घराणं, खालच्या वस्तीत बेल्को घराणं, आजार दोन्हींकडे. आणि दोघंही शपथेवर सांगत की आमचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. वरच्यांनी खालच्यांचा मेंढा खाल्ला होता, आजोबांच्या आजोबांच्या काळात. दोन्ही घराण्यांच्या मधे कागदावर तळहाताएवढी कोरी जागा होती. तिथे ओतीलियाबाईंनी प्रश्नचिन्ह काढून, खोडून, पुन्हा काढून कागदाची पार जाळी केली होती. त्या स्वतः या गावच्या नव्हेत. आजोबा जंगलखात्याच्या नोकरीवर बाहेरून आलेले, वडील इथेच जन्मले पण शहरात वाढले. बाहेरच्या माणसाला कोण काय सांगणार?

घराच्या उंबऱ्यावर लाल काचेतला दिवा जळत होता. मृतांचा दिवस होऊन बारा दिवस उलटले होते आणि असले दिवे दफनभूमीवर असतात. दिव्याशेजारी पांढऱ्या शेवंतीचा जुडगा होता. ओतीलियाबाईंनी सवयीने फुलं मोजली. सहा. जिवंत माणसाला पाच देतात, सात देतात. सम संख्येत फुलं कुणाला देतात हे किचेरातलं शेंबडं पोरही सांगेल.

दार उघडंच होतं. आत नोव्हेंबरातल्या गारठ्यात खिडकी सताड उघडी होती आणि धुकं पाहुण्यासारखं खुर्च्यांवर बसलं होतं. भिंतीवरचं घड्याळ, मृत्यू झालेल्या घरात थांबवतात तसं, चार वीसवर थांबवलेलं. आरशावर टेबलाचं कापड टाकलेलं. पलंगावर त्यांचा गडद निळा पोशाख इस्त्री करून पसरला होता, बाह्या छातीवर जुळवून. खाली पायमोजे, त्याखाली चांगले बूट, तळवेसुद्धा पुसलेले. जणू कुणी बाई त्या कपड्यांतून उठून गेली होती आणि कपडे तिची वाट बघत पडले होते.

ओतीलियाबाईंनी स्वतःचं मनगट धरलं. नाडी बहात्तर, नियमित. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्यांना एवढा पुरावा पुरला असता.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. शेजारची हर्मीना पाठमोरी उभी राहून फडताळातून मोठं पातेलं काढत होती.

"ते माझं पातेलं आहे," ओतीलियाबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे गं, ओतिल्का," हर्मीना न वळताच, रडून बसलेल्या आवाजात म्हणाली. "पण गुलाशच्या रश्श्याला माझं पुरत नाहीये. तुझ्याच जेवणाला नेतेय, रागावू नकोस. परत आणून ठेवते. तू निवांत जा."

"कुठे जा?"

आता हर्मीना वळली. तिने ओतीलियाबाईंना नखशिखान्त न्याहाळलं आणि पातेलं ढालीसारखं पोटाशी धरलं.

"तीन दिवस आत्मा घरात फिरतो हे आईनं सांगितलं होतं मला. पण तू एवढी ठळक का दिसतेस?"

"कारण मी जिवंत आहे!"

"पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणत असतील."

ओतीलियाबाईंनी टोपी काढून टेबलावर आपटली. "हर्मीना, हात लाव मला. लाव!"

हर्मीनाने एक बोट लावलं. मग दोन लावली. मग ती खुर्चीत बसली आणि पातेल्यात तोंड घालून रडली, त्यामुळे ते रडणं फार मोठं ऐकू आलं. रडणं संपल्यावर तिने मान वर केली. "पण तुझे कान निळे पडलेत गं! मेल्या माणसासारखे!"

"थंडी आहे. मी मेले हे तुला सांगितलं कुणी?"

"कुणी म्हणजे? तूच पाठवलंस की ते."

हळूहळू उलगडा झाला. परिषदेने प्रत्येक वक्त्याचं एक पत्रक छापलं होतं: मधे काळापांढरा फोटो, भोवती जाड काळी चौकट, खाली नाव, त्याखाली सेवेची वर्षं, १९८४ ते २०२४, आणि मग 'शेवटचं सत्र, गुरुवार, अकरा वाजता, संस्कृती भवन, किचेरा. सर्वांनी यावे.' कचेरीतल्या बाईने ते चर्चजवळच्या काचेच्या पेटीत लावलं, कारण दुसऱ्या पेटीची काच फुटली होती. चर्चजवळच्या पेटीत फक्त मृत्यूच्या सूचना लागतात, काळ्या चौकटीत, फोटोसकट. मग गावच्या खांबांवरल्या कर्ण्यांतून तो मजकूर वाचून दाखवताना बाईने आधी शोकाची धून लावली. तीही चुकली नाही. त्या पेटीतल्या मजकुराला तीच धून लावायची असते.

"पण १९८४ला जन्मले असते तर मी चाळीस वर्षांची असते! कुणाच्या डोक्यात आलं नाही?"

"आलं की. दुकानवाली म्हणाली, बाईनं मेल्यावरही वय चोरलं."

"अगं, फोन करायचास!"

"केला! सगळ्यांसमोर केला. आतली बाई म्हणाली, 'ही व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.' मग काय राहिलं?"

फोन मंगळवारपासून गरम पाण्याच्या कुंडाच्या तळाशी होता.

"शिवाय सुतारानं सांगितलं," हर्मीना पुढे म्हणाली, "की गेल्या महिन्यात तू स्वतः त्याच्याकडून पेटी करून घेतलीस. दोन मीटर वीस. त्याला तेव्हाच वाटलं, बाईला चाहूल लागलीय."

"वंशवृक्षाची गुंडाळी ठेवायला केली ती! बसमधून येतेय आता!"

"हो ना. मीपण तेच सांगितलं सगळ्यांना, पेटी बसमधून येतेय."

ओतीलियाबाईंनी टोपी उचलली. "मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना. कोण कोण आलंय भवनात?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळं गाव, ओतिल्का. वरची वस्तीपण. शुत्याक उजवीकडे बसलेत, बेल्को डावीकडे. सेराफीना आजी आल्यात, त्या तर चार वर्षांत घराबाहेर पडल्या नव्हत्या."

ओतीलियाबाईंचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. चाळीस वर्षांत त्यांनी संस्कृती भवनात सहा वेळा सभा बोलावली होती, कॉफी आणि सफरचंद भरलेली गोड पोळी ठेवून. जास्तीत जास्त पाच माणसं आली, त्यातला एक शेगडी दुरुस्त करायला आलेला. जिवंतपणी त्यांच्या हाकेला जे गाव आलं नाही ते आज काळे कपडे घालून, पाय पुसून, वेळेआधी बसलं होतं. आपण आता दारात उभ्या राहिलो तर काय होईल? किंकाळी फुटेल, हसं होईल, आणि दहा मिनिटांत ज्याचं त्याचं दार बंद होईल. शंभर नमुने त्या दारांमागे जातील. हर्मीनाच्या तान्ह्या नातवाचा काळा लंगोट माळ्यावर जाईल, आणि पंचेचाळीस वर्षांनी तो नातू काठी धरून माळ्याचा जिना उतरेल.

"हर्मीना," त्या हळूच म्हणाल्या, "मी अजून तासभर मेलेली राहिले तर?"

"माझ्याकडून हरकत नाही," हर्मीना म्हणाली. "गुलाश तर शिजायला लागलाच आहे."

मागच्या दाराने दोघी भवनात शिरल्या आणि रंगमंचाच्या पडद्यामागे उभ्या राहिल्या. पडद्याला एक भोक होतं. ओतीलियाबाईंनी डोळा लावला. दोनशेतीस माणसं, आणि खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. ज्योती सरळ उभ्या. मधोमध दोन रिकाम्या खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या, आणि सगळं गाव त्या रिकामपणाकडे बघत होतं. आपली जागा आपल्यावाचून कशी दिसते हे माणसाने बघू नये.

बाहेर बस थांबली. आधी बोग्ना आत आल्या, मग सहा डॉक्टर, सहा देशांचे, खांद्यावर लांब लाकडी पेटी घेऊन, कारण पेटी दारातून आडवी येईना, आणि मागून बाकीचे. गाव उठून उभं राहिलं. हुंदके फुटले. सुतार पुटपुटला, "जड दिसतेय. सुकली नव्हती बाई."

बोग्नाबाई आयुष्यभर परिषदांना गेल्या होत्या, पण असं स्वागत त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. पेटी दोन खुर्च्यांवर टेकली. बोग्ना पोलिशमध्ये म्हणाल्या, "या पेटीत जे आहे, त्यासाठी एका बाईनं सारा जन्म दिला." सीमेपलीकडची ती भाषा किचेराला निम्मी कळते आणि उरलेली कळल्यासारखी वाटते. एवढं वाक्य मात्र सगळ्यांना पुरतं कळलं, आणि रडण्याची नवी लाट आली. मग बोग्नांच्या माणसांनी भिंतीकडच्या टेबलावर दीडशे पेले मांडले, प्रत्येकावर आकडा.

"दफनानंतरच्या घोटासाठी," सुतार शेजाऱ्याला म्हणाला. "पण माप बघ. क्राकोववाले पितात बाबा."

आता मेतोद उठला. मेतोद चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि गावात कुणी गेलं की निरोपाचं गाणं रचायचा. ते गाणं मेलेल्याच्या तोंडचं असतं. गेलेलं माणूस स्वतः एकेका नातलगाचं नाव घेऊन निरोप मागतं, आणि नाव आलं की तो नातलग रडतो, अशी रीत. काल रात्रभर मेतोदपुढे मोठं संकट होतं: या बाईला नातलगच नाहीत. निरोप घ्यायचा कुणाचा? तो एक्क्याण्णव वर्षांच्या सेराफीना आजींकडे गेला, आणि आजींनी त्याला जे सांगितलं ते ऐकून त्याने पेन्सिलीला दोनदा टोक केलं.

मेतोदने डोळे मिटले आणि गाऊ लागला. आवाज त्याचा, पण बोलणं ओतीलियाबाईंचं:

"निरोप घेते मी, वाटे, धुक्याच्या गं आडून,
चाळीस हिवाळे गेले तुझ्यावरून चढून.

निरोप घेते, चुली, तुझी निवली गं राख,
मागे उरल्या मांजराला कुणी मारा गं हाक."

पडद्यामागे ओतीलियाबाईंनी तोंडावर हात दाबला. स्वतःचाच आवाज आपल्याला सोडून दूर, धुक्याच्या कडेला उभा राहून बोलतोय असं त्यांना वाटलं. मांजराच्या ओळीला त्या रडल्यासुद्धा.

"मांजर माझ्याकडे आहे," हर्मीना कुजबुजली. "खातंय व्यवस्थित."

"वरच्या वस्तीच्या भावांनो, खालच्या वस्तीच्या बहिणी,
एका आज्याची नातवंडं, सांगते मी जातानी.

तारवाला इम्रिख आजा, सांधी फुटकी मडकी,
तीन घरांत सांधा केला, वाजली नाही खिडकी."

मेणबत्त्यांच्या ज्योती एकदम हलल्या, कारण दोनशेतीस माणसांनी एकाच वेळी श्वास घेतला होता.

"कोण इम्रिख?" उजवीकडून एक शुत्याक गरजला. "आमचा इम्रिख? तारेनं भांडी सांधत गावोगाव फिरायचा तो?"

"तुमचाच," डावीकडून सेराफीना आजींचा काठीसारखा सरळ आवाज आला. "हिवाळ्यात घरी यायचा. माझ्या आजीचं मडकं दर हिवाळ्याला फुटायचं. माझी आई त्याची. मरताना तिनं मला सांगितलं."

"आजी, देवाघरच्या कामात खोटं बोलू नका!"

"म्हणूनच खरं बोलले, मुडद्या. जिवंत होती तोवर डॉक्टरीण दर वर्षी विचारायची आणि मी दर वर्षी बहिरी व्हायचे. पण मेलेल्या बाईला खोट्या नात्यानं निरोप कसा द्यायचा?"

पडद्यामागे ओतीलियाबाई वेड्यासारख्या कागद शोधत होत्या. कागद नव्हता, वर्षानुवर्षं तिथे पडलेल्या एका हारावरची पांढरी फीत मिळाली. त्यावर त्यांनी लिहिलं: इम्रिख शुत्याक, तारवाला. एक घर शुत्याक. दोन घर बेल्को. तीन घर? तिथे पुन्हा एक प्रश्नचिन्ह. "तिसरं कोणतं गं?" त्या पुटपुटल्या. "का मेतोदनं ओळ भरायला घातलं? त्याला यमक जुळलं की काहीही चालतं." मग फितीचं उरलेलं टोक फाडून त्यांनी आणखी एक ओळ खरडली आणि हर्मीनाला दिली. "जा, मेतोदला दे. म्हणावं, घरात सापडलं. शेवटची इच्छा."

हर्मीना डोळे पुसत पडद्याबाहेर गेली. मेतोदने चिठ्ठी वाचली, परत वाचली, टेबलावरच्या पेल्यांकडे बघितलं. तो कवी होता. त्याला अर्धं मिनिट पुरलं:

"शेवटचं मागणं माझं, नका म्हणू नाही,
पेल्यामध्ये ठेवून जावं ज्याचं त्यानं काही."

कुणी हसलं नाही. मेलेल्याचं मागणं ते. आधी सेराफीना आजी उठल्या, एका हातात मेणबत्ती, एका हातात पेला. मग शुत्याक, मग बेल्को, मग सुतार, मग दुकानवाली. भवनाच्या मागच्या बाजूला दोन दारं होती, एक बायकांचं, एक पुरुषांचं. काळे कपडे घातलेलं सगळं गाव दोन रांगांत, टोप्या काढून, पावलं न वाजवता तिकडे जात होतं आणि पेले दोन्ही हातांत धरून, तीर्थ आणावं तसं, परत येत होतं. मेतोद सारा वेळ भवनातल्या जुन्या पियानोवर हळूहळू वाजवत होता. परदेशी डॉक्टर भिंतीला चिकटून उभे होते. असं शिस्तीचं नमुनासंकलन त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. खिडकीच्या कठड्यावर एकशेबेचाळीस पेले ओळीने उभे राहिले, धुक्याच्या उजेडात पिवळे, दिव्यांसारखे.

"अप्रतिम!" बोग्ना म्हणाल्या. "पण डॉक्टर यांतोशोवा कुठे आहेत?"

सगळ्या गावाने पेटीकडे बोट दाखवलं.

"हो, हो, उघडूया," असं म्हणून बोग्नांनी झाकण उचललं.

चाळीस माणसं गुडघ्यांवर आली. दुकानवालीने डोळे मिटून घेतले आणि मग एक किलकिला केला. बोग्नांनी पेटीत दोन्ही हात घातले आणि एक लांबच लांब कागद उलगडत बाहेर काढला. चौकोन आणि वर्तुळं, काळी भरलेली, कोरी, मेलेल्यांवर तिरकी रेघ मारलेली, आणि प्रत्येकाखाली नाव. ज्यांनी ज्यांनी मान पुढे केली त्यांना आपलं नाव दिसलं, आईचं दिसलं, लहानपणीच गेलेल्या भावाचं दिसलं. पेटीतून बाई निघालीच नाही. गाव निघालं.

बोग्नांनी पेन उघडलं. "तर हा इम्रिख," त्या उत्साहाने म्हणाल्या आणि कोऱ्या जागेवर वाकल्या, "इथे लिहूया."

"तिथे नाही!" पडद्यातून आवाज आला. "एक पिढी वर!"

चाळीस वर्षांच्या मेहनतीचा कागद आणि त्यावर चुकीच्या ठिकाणी चौकोन, हे मेलेल्या माणसालाही सोसलं नसतं. ओतीलियाबाई पडदा बाजूला सारून तरातरा पुढे आल्या होत्या.

मेणबत्तीचं मेण हातावर ठिबकलं तरी कुणी हललं नाही. तेवढ्यात परदेशी डॉक्टरांनी, कार्यक्रमाचा हाही भाग असेल असं समजून, टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी गावाची भीती मोडली आणि राग जागा झाला.

"म्हणजे मेली नाही?" एक शुत्याक म्हणाला.

"नाही," ओतीलियाबाई म्हणाल्या. "माफ करा."

"आणि आम्ही पेल्यात..."

"हो."

"फसवलंत! चला रे, घेऊन चला आपापले!" दहाबारा जण खिडकीकडे वळलेसुद्धा. पण मधे काठी आडवी आली. सेराफीना आजींची.

"बसा खाली सगळे. गुलाश शिजलाय, तो टाकून उठता येत नाही. आणि गाणं खोटं नाही. पोरी, तू ऐकलंस ना पुरतं?"

"ऐकलं, आजी. दोन घरं लिहिली. तिसरं कुणाचं?"

आजींनी ओतीलियाबाईंकडे फार मायेने बघितलं. "यांतोशांचं. तुझी आजी रानातल्या त्या घरात एकटी असायची. नवरा रानोमाळ. तिची मडकी तरी कुठे धड होती? तुझा बाप इम्रिखचा. आणि तुझी आई पलीकडच्या दरीतली. तिकडे इम्रिखचा भाऊ मडकी सांधायचा."

ओतीलियाबाईंनी फितीवरचं प्रश्नचिन्ह खोडलं. बोग्ना मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या कानांकडे बघत होत्या. खोली गरम होती, टोपी मघाशीच काढलेली होती, आणि कान अजून निळे होते. चाळीस वर्षं ओतीलियाबाई घराघरांत जाऊन दुसऱ्यांचे कान उजेडाकडे वळवून बघत आल्या. स्वतःचा कान कुणाला दिसतो? आणि आज आरशावरही कापड होतं.

"गुडघे दुखतात?" बोग्नांनी हळूच विचारलं.

"ते बर्फाचं आहे."

"पाठ?"

"ती वयाची."

बोग्नांनी टेबलावरचा एक पेला उचलून त्यांच्यापुढे धरला. आकडा एकशेत्रेचाळीस.

ओतीलियाबाई एक पाऊल मागे सरल्या. "आज नको," त्या म्हणाल्या. "जरा घाई आहे. पुढच्या आठवड्यात बघू. आणि आमच्याकडे कुणाला असलं काही नाही हो."

आधी सुतार हसला, मग दुकानवाली, मग शुत्याक आणि बेल्को एकदमच, कारण ही सगळी वाक्यं त्यांची होती; गेली चाळीस वर्षं दाराच्या फटीतून तीच त्यांनी बाईंना ऐकवली होती. खिडकीकडे वळलेले दहाबारा जण हसत हसत पुन्हा जागेवर बसले.

"जा पोरी," आजी म्हणाल्या. "मेल्या माणसाला कसली लाज? आम्ही थांबतो."

आणि सगळं गाव थांबलं. ओतीलियाबाई मेणबत्ती न घेता गेल्या आणि पेला घेऊन आल्या. बोग्नांनी हवेचं काम क्षणात करणाऱ्या क्षाराच्या द्रावणाची कुपी काढली आणि एका टोकापासून प्रत्येक पेल्यात एकेक थेंब सोडत निघाल्या. कुठे पिवळं पिवळंच राही. कुठे थेंबाभोवती धूर सुटावा तशी काळोखाची दोरी तळाकडे उतरे आणि बघता बघता पेला मिटून जाई. एक शुत्याक. दोन बेल्को. दुकानवालीचा. त्याला लागून सुताराचा. कुणी नाव घेत नव्हतं, पण ज्याला त्याला आपला आकडा पाठ होता. इतकी वर्षं माळ्यावर लपवलेलं सगळं ओळीने खिडकीत उभं होतं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. हर्मीना म्हणाली, "आता लंगोट अंगणातच वाळवायला सांगते लेकीला. माळ्यावर वाळतात कुठे धड?"

शेवटचा थेंब एकशेत्रेचाळीसमध्ये पडला. ओतीलियाबाई बघत राहिल्या. आधी काहीच झालं नाही आणि, स्वतःचंच नवल वाटावं असं, त्यांना वाईट वाटलं. मग तळाशी एक बारीक काळी तार दिसली. ती वळली, वर चढली, आणि पेला हलकेच काळा झाला.

कागदावर, तळहाताएवढ्या कोऱ्या जागेत, बोग्नांनी इम्रिखचा चौकोन काढला, एक पिढी वर, सांगितल्या जागी. त्यातून तीन रेघा निघाल्या. तिसऱ्या रेघेच्या टोकाला, पार खाली, त्यांनी एक वर्तुळ काढलं आणि आत काळं भरलं.

मेतोद खांद्यावरून वाकून बघत होता. "हिच्यावर तिरकी रेघ?"

"नको."

"बरं," मेतोद म्हणाला आणि गाण्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. "जपून ठेवतो. नातलगांची नावं तरी आता पुन्हा शोधायला नकोत. फक्त मांजराची ओळ बदलावी लागेल, ते काही तोवर टिकणार नाही."

बाहेर गुलाशच्या पातेल्याचं झाकण वाजलं आणि खुर्च्या सरकू लागल्या. उजवीकडच्या डावीकडे, डावीकडच्या उजवीकडे. सेराफीना आजी काठी टेकत ओतीलियाबाईंपाशी आल्या. त्यांच्या हातात निरोपाला आणलेला शेवंतीचा जुडगा होता, सहा फुलांचा. त्यांनी त्यातलं एक फूल ओढून काढलं, आपल्या शालीत खोचलं, आणि उरलेली पाच ओतीलियाबाईंच्या हातात दिली.